अलचपूर ते रिद्धपूर : अक्षरांच्या अदलाबदलीचा वऱ्हाडी इतिहास

१/
पुढील वाक्य न थांबता वाचावे.

“दपूर्यार आणि अलचपूर ही अवरामतीकडची कासापच्या बारजापेठेची गावे.”

डोळा क्षणभर अडखळतो. पण दर्यापूर, अमरावती, कापूस, बाजारपेठ हे शब्द आपापल्या जागी येऊन बसतात. वाक्यातील पाच शब्दांची अक्षरे विस्कटलेली आहेत. त्यांपैकी चार या थ्रेडसाठी मुद्दाम विस्कटली. पाचवा शब्द मात्र इतिहासानेच विस्कटला आहे. कोणता, ते पुढे येईल.

२/
अशा वाक्यांची कीर्ती २००३ साली जगभर पसरली. एक इंग्रजी संदेश ईमेलवरून फिरू लागला. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनानुसार शब्दातील अक्षरे कोणत्याही क्रमाने लिहिली तरी चालतात, पहिले आणि शेवटचे अक्षर जागेवर असले म्हणजे पुरे, असा त्याचा दावा होता. संदेश स्वतःच विस्कटलेल्या अक्षरांत लिहिलेला होता. तो वाचता येई, म्हणून लोकांना खरा वाटला.

३/
केंब्रिजमध्ये असे संशोधन झालेले नव्हते. या विषयावर १९७६ साली ग्रॅहॅम रॉलिन्सन यांनी प्रबंध लिहिला होता, तो नॉटिंगहॅम विद्यापीठात. पुढे २००६ मध्ये कीथ रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. शब्दामधली अक्षरे हलवली, तर वाचनाचा वेग सुमारे ११ टक्क्यांनी घटला. शेवटची हलवली, तर २६ टक्क्यांनी आणि आरंभीची हलवली, तर ३६ टक्क्यांनी.

४/
म्हणजे विस्कटलेला शब्द वाचता येतो, पण फुकट नाही. मन प्रत्येक अक्षराची नेमकी जागा मोजत बसत नाही. कोणती अक्षरे आहेत, ती साधारण कोठे आहेत आणि शेजारी कोणते शब्द आहेत, एवढ्यावरून ते ओळखीचा शब्द उचलते. यात ‘ओळखीचा’ हे विशेषण सर्वांत महत्त्वाचे. जो शब्द मनात आधीपासून नाही, तो कितीही प्रयत्न केला तरी जुळत नाही.

५/
देवनागरीच्या वाचकाला ही कसरत रोजचीच आहे. ‘दिवस’ लिहिताना ऱ्हस्व इकार ‘द’च्या आधी काढला जातो, उच्चारला मात्र नंतर जातो. ‘दर्यापूर’ या नावात ‘र्’चा उच्चार ‘या’च्या आधी होतो; त्याचा रफार मात्र ‘या’च्या डोक्यावर चढून बसतो. लेखनातील क्रम एक आणि उच्चारातील क्रम दुसरा असतो. मराठी माणूस शाळेच्या पहिल्या वर्षापासून हा फरक मनातल्या मनात दुरुस्त करीत आलेला आहे.

६/
जुन्या काळच्या वाचकाचे काम याहून कठीण होते. पोथ्यांत शब्दाशब्दांमध्ये मोकळी जागा नसे. ओळ सलग चाले. मोडीत लेखणी फारशी न उचलता लिहीत, ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेदही सहसा पाळत नसत. कोठे तोडायचे आणि काय वाचायचे, हे वाचणाऱ्याने भाषेच्या बळावर ठरवायचे. मोडी कागद झरझर वाचणारा कारकून अक्षरांइतकाच संदर्भही वाचत असे.

७/
आता त्या पाचव्या शब्दाकडे. दर्यापूर आज अमरावती जिल्ह्यात आहे. पण १९०५ पर्यंत दर्यापूर तालुका एलिचपूर नावाच्या स्वतंत्र जिल्ह्यात होता. त्या वर्षी वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली आणि एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. मूर्तिजापूरहून दर्यापूर-बनोशावरून जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रूळांची गाडी त्याच गावी संपत असे. आज त्या गावाचे नाव अचलपूर आहे.

८/
एलिचपूर आणि अचलपूर ही दोन वेगळी नावे नव्हेत. ते एकच नाव आहे. त्याची अक्षरे तेवढी जागा सोडून गेली. सर्वांत जुने रूप ‘अचलपूर’. राष्ट्रकूट राजा नन्नराज याचा तिवरखेड ताम्रपट याच अचलपुराहून दिलेला आहे. पुढे लोकांच्या तोंडी ‘च’ आणि ‘ल’ यांनी जागा बदलल्या आणि अचलपूरचे ‘अलचपूर’ झाले. पहिल्या पोस्टमधील पाचवा शब्द तो हाच.

९/
याला साक्षीदार आहे आणि तोही थोर. गुजरातेत पाटण येथे बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन आचार्यांनी व्याकरण रचले. त्यातील प्राकृताच्या अध्यायात एक इवलेसे सूत्र केवळ या एका गावासाठी आहे. ‘अचलपुर’ या शब्दात ‘च’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होते, एवढेच ते सांगते. वऱ्हाडातील एका गावाच्या नावातील उलटापालट पाटणच्या वैयाकरणाला नोंदवावीशी वाटली, इतके हे रूप रूढ होते.

१०/
त्याच्या लगतचे सूत्र तर प्रत्येक मराठी माणसाने लक्षात ठेवावे असे आहे. ते ‘महाराष्ट्र’ या शब्दाविषयी आहे. त्यात ‘ह’ आणि ‘र’ यांची अदलाबदल होते, म्हणून प्राकृतात ‘मरहट्ठ’ हे रूप येते. त्या मरहट्ठापासून ‘मराठा’ आणि ‘मराठी’. ज्या भाषेत हा थ्रेड लिहिला आहे, तिचे नावच मुळात अक्षरांच्या अदलाबदलीतून जन्मले.

११/
हेमचंद्रांनी याच ठिकाणी वाराणसीचाही समावेश केला आहे : तेथे ‘र’ आणि ‘ण’ जागा बदलतात. आजचे ‘बनारस’ त्याच वाटेने आलेले. या घटनेला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात. हेमचंद्रांच्या पुष्कळ आधी यास्काच्या ‘निरुक्ता’तही वर्णांच्या अशा उलटापालटीची दखल आहे. जिभेची ही सवय भारतीय विद्वानांनी दोन सहस्रकांपूर्वीच हेरली होती.

१२/
अदलाबदल झाली तरी गाव हरवले नाही. बाजाराला जाणाऱ्यासाठी अचलपूर काय आणि अलचपूर काय, वाट एकच. ऐकणाऱ्याच्या मनात गाव पक्के होते, म्हणून अक्षरांचा क्रम हलला तरी नाव पोहोचत राहिले. विस्कटलेल्या वाक्यात डोळा जे करतो, तेच येथे कित्येक पिढ्यांच्या कानांनी केले. फरक एवढाच की, कानांनी चूक दुरुस्त न करता तिलाच नाव म्हणून स्वीकारले.

१३/
पुढे नाव आणखी बदलत गेले. महानुभावांच्या जुन्या मराठी गद्यात ते ‘अळजपूर’ असे येते. १२९६ मध्ये देवगिरीवर चालून जाणारा अलाउद्दीन खलजी याच गावावरून गेला. नंतर इमादशाहीची राजधानीही येथेच होती. या काळात ‘एलिचपूर’ हे रूप रुळले. आता मूळ ‘अचल’ ऐकणाऱ्याला दिसेनासा झाला होता.

१४/
अर्थ दिसेनासा झाला की मन स्वस्थ बसत नाही. ईल नावाच्या जैन राजाने हे गाव वसवले, म्हणून एलिचपूर, अशी कथा लोकांत रुजली. विस्कटलेल्या अक्षरांतून ओळखीचा शब्द सापडला नाही, तेव्हा मनाने ओळखीचा राजा शोधला. स्थलनामांच्या कथा वाचताना तरुण अभ्यासकांनी ही शक्यता नेहमी जवळ ठेवावी : कथा पुष्कळदा नावाच्या नंतर जन्मते.

१५/
अचलपुरातील अदलाबदल नकळत झाली. त्याच वऱ्हाडात, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्याच मोर्शी तालुक्यात, दुसऱ्या एका गावाने अक्षरांची अदलाबदल जाणूनबुजून केलेली पाहिली. ते गाव म्हणजे रिद्धपूर. तेथील अदलाबदल एका पंथाच्या ग्रंथांभोवती कुंपण म्हणून उभी राहिली आणि तिची किंमत मराठी साहित्याला शतकानुशतके मोजावी लागली.

१६/
तेराव्या शतकात गोविंदप्रभूंचे वास्तव्य रिद्धपुरात होते. त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी यांनी महानुभाव पंथ स्थापला आणि उपदेशासाठी संस्कृत बाजूला ठेवून मराठी स्वीकारली. त्यांच्यानंतर म्हाइंभटांनी शिष्या-शिष्यांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि रिद्धपुरातच ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. परंपरा त्याचा काळ शके १२००, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमाराचा सांगते. मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ.

१७/
लवकरच देवगिरीचे राज्य मोडले, स्वाऱ्यांची धामधूम सुरू झाली. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला, असे पंथाची परंपरा सांगते. एकाच ग्रंथाचे वेगवेगळे पाठ आज आढळतात. कागद गेला, पण शब्द मनात होते. म्हणून ग्रंथ वाचला.

१८/
चौदाव्या शतकात पंथाने ग्रंथरक्षणाची वेगळी तऱ्हा काढली. ती म्हणजे सकळ लिपी. तिचे श्रेय ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबास यांना दिले जाते. पुढे पंथाच्या निरनिराळ्या शाखांनी सुंदरी, वज्र, अंक, सुभद्रा अशा आणखी लिप्या घडवल्या. सांकेतिक लिपीत ग्रंथ ठेवण्याची दोन कारणे अभ्यासकांनी मांडली आहेत : पवित्र वचने अनधिकारी हाती पडू नयेत आणि धामधुमीत ग्रंथांचा विटाळ किंवा विपर्यास होऊ नये.

१९/
सकळ लिपीचे तत्त्व साधे आहे : एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर अथवा चिन्ह. ही युक्ती भारतात जुनी होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ ही सांकेतिक भाषेची कला आहे. त्यावरील यशोधराच्या टीकेत मूलदेवाच्या नावाची एक रीत दिली आहे. तीत अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात. ‘न’च्या जागी ‘म’ आणि ‘म’च्या जागी ‘न’; ‘त’च्या जागी ‘प’ आणि ‘प’च्या जागी ‘त’.

२०/
या रीतीने ‘मन’ लिहिले की ‘नम’ होते, ‘तप’चे ‘पत’ होते आणि काना तसाच ठेवला तर ‘नाम’चे ‘मान’. जागांची अदलाबदल आणि अक्षरांची अदलाबदल येथे दिसायला एकच होतात. महाराष्ट्रातील अंगणांत मुले खेळतात ती ‘च’ची भाषाही याच कुळातील. पहिल्या अक्षराच्या जागी ‘च’ घालून ते अक्षर शेवटी न्यायचे. ‘दर्यापूर’चे झाले ‘चर्यापूरद’. सवय झालेली मुले हे न अडखळता बोलतात.

२१/
सवय हीच येथील किल्ली. दीक्षित साधकाला लिपी शिकवली जाई आणि ग्रंथातील वचने बहुधा त्याला पाठ असत. एका अक्षरावरून शब्द, एका शब्दावरून वाक्य त्याच्या मनात उभे राही. त्याच्यासाठी ती लिपी गुप्त नव्हतीच. पंथ उत्तरेत गेला, पंजाबात ‘जयकृष्णी’ नावाने ओळखला गेला, पेशावर-काबूलपर्यंत पोहोचला. आणि तेथेही मराठी ग्रंथांचे पठण या साधकांनी चालू ठेवले.

२२/
बाहेरच्या माणसासाठी मात्र ते पान मुके होते. येथे एक प्रश्न उभा राहतो. अशी अदलाबदल उलगडणे खरोखर इतके अवघड होते काय? नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने त्याची रीत लिहून ठेवली होती : प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित, गुप्त मजकुरातील अक्षरे मोजावीत आणि ताडून पाहावीत. भाषा जाणणाऱ्यापुढे साधी अदलाबदल फार काळ टिकत नाही.

२३/
तरीही हे कुलूप शतकानुशतके बंद राहिले, कारण खरी भिंत अक्षरांची नव्हती. पंथाने वर्णभेद व कर्मकांड नाकारले होते. समाजाने त्याला संशयाने पाहिले. ग्रंथ गुप्त, म्हणून त्यांत काही वावगे असणार, अशी समजूत वाढली. ‘महानुभाव’चे ‘मानभाव’ झाले आणि ‘मानभावी’ हा शब्द मराठीत ढोंगी सौजन्यासाठी वापरला जाऊ लागला. आजही कित्येक जण तो शब्द त्याचे मूळ न जाणता वापरतात.

२४/
ज्यांना वाचण्याची इच्छाच नव्हती, त्यांच्यासाठी किल्ली शोधण्याचा प्रश्नच आला नाही. आणि जे आत होते, त्यांनी संशयी जगापुढे पाने उघडण्याचे कारण नव्हते. गुप्ततेने संशय वाढवला, संशयाने गुप्तता घट्ट केली. याचा परिणाम असा की, मराठीचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या हाती आरंभकाळाचे पद्य होते, पण त्याच शतकातील जिवंत, बोलते गद्य नव्हते.

२५/
विसाव्या शतकाच्या आरंभी भिंत खचू लागली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी या लिप्यांचा उलगडा केला. काही महंतांनीही पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. मग विदर्भातील संशोधकांनी हे काम उचलले : यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, आणि बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले वि. भि. कोलते. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले.

२६/
कुलूप उघडल्यावर काय मिळाले? तेराव्या शतकातील माणसांचे बोलणे. प्रवास, भिक्षा, जेवणखाण, रुसवे-फुगवे, बायकांचे प्रश्न, गावोगावच्या देवळांची नावे. मराठीतील आद्य कवयित्री महदाइसा आणि तिचे ‘धवळे’ याच दालनातून पुढे आले. लपवलेले असे काहीच भयंकर नव्हते. होते ते एका समाजाने जिवापाड जपलेले स्मरण.

२७/
आणि येथे विस्कटलेल्या अक्षरांचा खेळ पुन्हा उपयोगी पडतो. एक शब्द पाहावा : ‘आगरोणा’. पहिले आणि शेवटचे अक्षर जागेवर आहे, मधली दोनच हललेली आहेत. ‘दपूर्यार’पेक्षा हे अवघड नसावे, तरी बहुतेक तरुण वाचक येथे थांबतील. मूळ शब्द ‘आरोगणा’, म्हणजे स्वामींचे भोजन. महानुभाव साधक तो तत्क्षणी ओळखील, कारण तो शब्द त्याच्या नित्याच्या पाठातील आहे.

२८/
अक्षरे सरळ लावण्याची किल्ली आज छापील मिळते. शब्द मनात असण्याची किल्ली मात्र वाचूनच कमवावी लागते. लीळाचरित्र देवनागरीत समोर ठेवले, तरी जुन्या मराठीचे शब्द अनोळखी असतील, तर ते पान सकळ लिपीइतकेच बंद राहते. जुने शब्द विसरणारी पिढी स्वतःच्या पोथ्यांसाठी नव्याने परकी होते; त्यासाठी कोणी गुप्त लिपी घडवावी लागत नाही.

२९/
२०२४ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जेथे मराठी गद्याचा पहिला ग्रंथ सिद्ध झाला, तेथेच मराठीचे विद्यापीठ उभे राहावे, यात न्याय आहे. मठामठांतील पोथ्या वाचणारे, लिपी आणि जुनी भाषा दोन्ही जाणणारे विद्यार्थी तेथे घडले, तर तो न्याय पूर्ण होईल.

३०/
एकाच जिल्ह्यात या दोन कथा आहेत. अचलपुरात अक्षरे नकळत बदलली, पण गाव सर्वांच्या मनात होते, म्हणून काही हरवले नाही. रिद्धपूरच्या ग्रंथांत अक्षरे ठरवून बदलली. मनात शब्द असणाऱ्यांसाठी तेथेही काही हरवले नाही, इतरांसाठी मात्र एक अख्खे वाङ्मय अदृश्य झाले. दर्यापूरहून या दोन्ही गावांना आजही सहज जाता येते. जाण्यापूर्वी लीळाचरित्राची दहा पाने तरी वाचावीत.

(समाप्त)